फोर व्हील ड्राइव्ह खरंच लागतंय का? घरच्या घरी कसं तपासायचं

घाटवाट

पावसाळा तोंडावर आलाय. माळशेज, ताम्हिणीचे बेत ठरायला लागतील आणि वर्षभर २एच (फक्त मागच्या दोन चाकांना ताकद) मध्ये पळालेल्या गाड्यांचे लिव्हर थेट चिखलात रुतल्यावर ४एच (चारी चाकांना ताकद) वर ओढले जातील. तेव्हा बिघाड कळून काय उपयोग? सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक जॅक आणि तासभर वेळ, एवढ्यात काय काय तपासता येईल ते इथे एकत्र करू या. डॅशबोर्डवर दिवा लागतो, म्हणजे सगळं ठीक, असं बरेच जण धरून चालतात. ते कितपत खरं? थार, जिम्नी, जिप्सी, फॉर्च्युनर, व्ही-क्रॉस, डस्टर, सगळ्यांबद्दल लिहा. गाडीप्रमाणे पद्धत बदलत असेल तर तेही सांगा.

जोडशाफ्ट

दिव्यापासूनच सुरुवात करतो. बऱ्याच गाड्यांत तो ट्रान्सफर केसवर (इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारा डबा) बसवलेल्या एका लहान स्विचमुळे लागतो. आतला फोर्क सरकला, स्विच दाबला गेला, दिवा लागला. त्यापुढे पुढचा प्रॉपेलर शाफ्ट (ताकद पुढे नेणारा फिरता दांडा), त्याचे दोन क्रॉस (सांधे), पुढचं डिफरन्शियल (डाव्या-उजव्या चाकांत ताकद वाटणारे गिअर), अ‍ॅक्सल शाफ्ट आणि काही गाड्यांत हब (चाक शाफ्टला जोडणारं-सोडणारं कुलूप) एवढी साखळी आहे. त्यातली कुठलीही कडी सुटलेली असली तरी दिवा तसाच लागतो. काही गाड्यांत दिवा हबच्या व्हॅक्यूमवर चालतो, पण तिथेही व्हॅक्यूम पोचला एवढंच कळतं, दात बसले की नाही ते कळत नाही.

म्हणून तपासायचं ते चाकाशी. पार्ट-टाइम (लागेल तेव्हाच पुढची चाकं जोडणाऱ्या) गाड्यांसाठी, म्हणजे थार, जिम्नी, जिप्सी, व्ही-क्रॉस, २०१६ नंतरची फॉर्च्युनर वगैरे, पद्धत अशी:

सपाट, पक्की जमीन घ्या. गाडी चालू करून ४एच टाका, स्टिअरिंग सरळ ठेवून चार-पाच मीटर पुढे न्या. ही पायरी गाळू नका. कॉलर (शाफ्ट जोडणारी सरकती रिंग), हबचे दात समोरासमोर आल्याशिवाय बसत नाहीत आणि ते समोरासमोर यायला गाडी थोडी हलावी लागते. दिवा स्थिर झाला की थांबा, इंजिन बंद, पहिला गिअर (ऑटोमॅटिक असेल तर पी, म्हणजे पार्क), हँडब्रेक घट्ट, दोन्ही मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे. मग पुढचं डावं चाक जॅकवर घ्या, जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर पुरे. शेजारी चासीखाली घोडी (वजन पेलणारा स्टँड) लावा.

आता ते चाक दोन्ही हातांनी फिरवून बघा. साखळी शाबूत असेल तर चाक थोडंसं हलून ठप्प अडकेल. टायरच्या कडेला दोन-तीन बोटांएवढा खेळ ठीक आहे, सगळ्या दातांमधली आणि क्रॉसमधली ढील मिळून तेवढी होतेच. चाक पूर्ण फिरलं, तर पुढच्या अ‍ॅक्सलला ताकद जात नाही. दिवा काही का म्हणेना.

मग जॅक उतरवा, २एच टाका, पुन्हा थोडी पुढे-मागे करा, पुन्हा उचला. आता चाक मोकळं फिरलं पाहिजे. ब्रेक पॅडचा हलका चर्र आवाज येईल, तो धरू नका. मोकळं फिरत नसेल तर ४एच सुटलेलंच नाही, आणि तशी गाडी कोरड्या डांबरावर रोज पळत असेल तर टायर आणि ट्रान्सफर केस दोन्ही खात असणार.

हेच उजव्या चाकावर करा. एका बाजूवर भागवू नका. कारण खाली येईलच.

फुल्लथ्रॉटल

एवढा खटाटोप कशाला? चारी बाजूंनी घोड्यांवर घ्या, ४एच टाका, पहिला गिअर, क्लच सोडा. चारी चाकं फिरली की झालं काम.

जोडशाफ्ट

@फुल्लथ्रॉटल, हे घरी अजिबात नको. घोडीवरची गाडी इंजिनच्या हिसक्याने सरकली तर खाली कोण आहे ते बघत नाही. आणि यातून कळतही काही नाही. हवेतलं चाक फिरवायला ताकद लागतेच किती? ट्रान्सफर केसमधलं तेल जाड असेल तर नुसत्या तेलाच्या ओढीनेही पुढचा शाफ्ट गरगरतो, ४एच सुटलेलं असलं तरी. त्यात ट्रॅक्शन कंट्रोल असलेली गाडी एकेका चाकाला ब्रेक मारत बसते, ते वेगळंच.

एक चाक जॅकवर असताना इंजिन चालू करून गिअर टाकणं तर त्याहून वाईट. बाकीची चाकं जमिनीवर आहेत, ४एच लागलेलं असेल तर गाडी जॅकवरून सरळ उडी मारते.

मीनाक्षी_वांद्रे

जॅक लावण्याआधी आणखी एक. थार, जिप्सीच्या ट्रान्सफर लिव्हरला एन (न्यूट्रल) आहे. ट्रान्सफर केस एन मध्ये असेल तर गाडी गिअरमध्ये असो किंवा पी मध्ये, चाकांना काहीही धरून ठेवत नाही, फक्त हँडब्रेक. ४एल (चारी चाकं, कमी वेग-जास्त ताकद) वरून ४एच ला येताना लिव्हर अर्धवट एन वर राहतो आणि उतारावर गाडी चालायला लागते. जॅकिंगच्या आधी लिव्हर हाताने हलवून खात्री करा.

आणि मागचं चाक उचलायची वेळ आली तर २एच मध्ये पी वर विसंबू नका. मागचं डिफरन्शियल साधं (लॉक नसलेलं) असेल तर हवेतलं चाक उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक सरळ गडगडतं.

सोसायटीवाल्यांसाठी: स्टॅक पार्किंगच्या पॅलेटवर जॅक लावू नका. तो पत्रा पन्हाळीसारखा वळवलेला असतो, जॅकचा पाय कडेवर बसून घसरतो. पेव्हर ब्लॉकवरही जॅकखाली फळी हवी, नाहीतर एकच ब्लॉक खाली दबतो.

गॅरेजबाहेरचा

मीनाक्षीताई, +१. घोड्या आणि चांगला ट्रॉली जॅक मुंबईत नागदेवी स्ट्रीटला मिळतात. गाडीबरोबर आलेला कात्री जॅक पंक्चरपुरता ठीक, त्याच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नका.

@जोडशाफ्ट, खडूची खूणही सांगा की. पुढच्या प्रॉपेलर शाफ्टवर एक रेघ ओढायची, ४एच मध्ये गाडी मीटरभर ढकलायची, रेघ फिरली तर ड्राइव्ह आहे.

जोडशाफ्ट

गॅरेजबाहेरचा भाऊ, खडूची खूण कामाची आहे, पण अशी नाही. ज्या गाडीला हब नाहीत आणि पुढचा अ‍ॅक्सल सुटण्याची सोय नाही, तिचा पुढचा शाफ्ट २एच मध्येही फिरतो. चाकंच त्याला फिरवतात. म्हणजे गाडी ढकलल्यावर शाफ्ट फिरला, यातून काहीच सिद्ध होत नाही.

खूण वापरायची ती जॅकवरच्या चाकाबरोबर. २एच, एक पुढचं चाक हवेत, दुसरं जमिनीवर. हवेतलं चाक बरोबर एक फेरा फिरवा आणि शाफ्ट किती फिरला ते मोजा. दुसरं चाक थांबलेलं असल्याने शाफ्ट डिफरन्शियलच्या रेशोच्या निम्मा फिरतो. रेशो ४ च्या आसपास असेल तर दोन फेरे. जिम्नीसारख्या, २एच मध्ये हब सुटणाऱ्या गाडीत मात्र शाफ्ट हलायलाच नको. तिथे दोन फेरे आले तर हब अडकून राहिलेत. अशी गाडी चालते व्यवस्थित, फक्त पुढचा सगळा सरंजाम फुकट फिरत राहतो, हमिंग येतं, डिझेल-पेट्रोल जास्त पितं.

जिप्सीवाली

आता हबचं मी सांगते, कारण जिप्सीत निम्म्याहून जास्त तक्रारी तिथेच असतात.

जिप्सीच्या मॅन्युअल हबवर फ्री आणि लॉक अशा दोन खुणा असतात. दोन्ही बाजूंना खूण सारखीच हवी. आतला ग्रीस सुकून दगड झाला की बाहेरची चकती लॉकवर जाते आणि आतली रिंग अर्ध्यातच थांबते. बाहेरून बघणाऱ्याला सगळं ठीक दिसतं.

एकच हब निकामी असेल तर काय होतं ते समजून घ्या. डिफरन्शियल साधं असेल तर ताकद जिथे विरोध कमी तिकडे पळते. उजवं हब सुटलेलं असेल तर उजवा अ‍ॅक्सल शाफ्ट हबच्या आत नुसता गरगरतो आणि डाव्या चाकालाही काही मिळत नाही. एक हब गेलं की आख्खा पुढचा अ‍ॅक्सल गेला. आणि जॅकवर डावं चाक उचललंत तर ते मोकळं फिरेल. तुम्ही डावं हब उघडून बसाल, बिघाड उजवीकडे!

म्हणून वेगळं करण्यासाठी पुढची दोन्ही चाकं एकदम वर घ्या, दोन्ही बाजूंना घोड्या, मागे चारही ठोकळे. ४एच, गिअरमध्ये, इंजिन बंद. आता पुढचा शाफ्ट धरलेला आहे. डावं चाक पुढे फिरवा, उजवं तेवढंच मागे फिरलं पाहिजे. फिरलं तर दोन्ही हब आणि डिफरन्शियल धडधाकट. डावं फिरतंय आणि उजवं ढिम्म, तर एका हबचे दात बसलेले नाहीत. कुठल्या, ते शोधायला ट्रान्सफर २एच वर घ्या, एकाला उजवं चाक घट्ट धरून ठेवायला सांगा, डावं फिरवा आणि शाफ्टकडे बघा. मग उलट करा. जे चाक फिरवताना हाताला ओझं जाणवत नाही, शाफ्टही जागचा हलत नाही आणि धरलेल्या चाकावर ओढ येत नाही, ते हब उघडायचं.

उघडल्यावर: सहा बोल्ट, कागदी पॅकिंग, आत सर्कलिप. जुना ग्रीस रॉकेलने किंवा डिझेलने धुऊन काढा, स्प्रिंग आणि दात बघा, आणि नवा ग्रीस पातळ थर एवढाच. हब ठासून भरला की रिंग सरकत नाही आणि महिन्यात पुन्हा तीच कथा. बेअरिंग वेगळं, हब वेगळं.

राजे_डोंबिवली

जिम्नीचे हब व्हॅक्यूमवर आहेत ना? त्यांना हात कसा लावायचा?

जिप्सीवाली

राजे, तिथे बाहेर चकती नाही. इंजिनकडून व्हॅक्यूम येतो, सोलेनॉइड व्हॉल्व्हमधून रबरी नळीने नकलपर्यंत (पुढचं चाक वळवणाऱ्या सांध्यापर्यंत) जातो आणि हब आत ओढतो. म्हणूनच ४एच इंजिन चालू असताना टाकून थोडी गाडी हलवायची, मग तपासणी. इंजिन बंद ठेवून लिव्हर ओढला, चाक मोकळं फिरलं आणि हब बिघडलं म्हणून बोंब मारली, असं होऊ देऊ नका.

हब लागत नसेल तर आधी नळ्या. वाकतात तिथे आणि टोकाला चिरतात. नळी काढून तिचं टोक ५० मिलीच्या सिरिंजला जोडा, दुसरं टोक बोटाने बंद करा, दट्ट्या ओढून धरा आणि सोडा. झर्रकन जागेवर परतला तर नळी ठीक. हळूहळू, मलूल परतला किंवा मधेच राहिला तर हवा शिरतेय. हीच सिरिंज हबकडे जाणाऱ्या नळीला लावली आणि ओढ टिकत नसेल, तर नकलच्या आतलं सील गेलेलं असण्याची शक्यता मोठी. ते काम घरचं नाही.

मीटरवाला

डायलवाल्या गाड्यांबद्दल: व्ही-क्रॉस, नवी फॉर्च्युनर, जुन्या स्कॉर्पिओ-सफारीची इलेक्ट्रिक शिफ्टवाली मॉडेलं. इथे लिव्हर नाही, ट्रान्सफर केसवर मोटर आहे.

पहिली तपासणी कानाने. पार्किंग शांत असताना, इंजिन बंद, इग्निशन चालू, गिअर न्यूट्रल, पाय ब्रेकवर. एकाने डायल २एच वरून ४एच वर फिरवायचा, दुसऱ्याने गाडीच्या मधोमध बाजूला बसून ऐकायचं, गाडीखाली शिरायचं नाही. 'घूंऽऽ टक' असा आवाज आला की मोटर फिरली. काही मॉडेलं इंजिन चालू असल्याशिवाय शिफ्टच करत नाहीत, त्यांत इंजिन चालू ठेवून ऐका.

आवाजच नाही: फ्यूज, मग कनेक्टर. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत मोटरच्या कनेक्टरमध्ये हिरवा गंज धरतो, विशेषतः गाडी पाण्यातून गेली असेल तर. कनेक्टर सोडवा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, टूथब्रशने घासा, सुकू द्या. मीटर (मल्टिमीटर) असेल तर डायल फिरवताना मोटरच्या दोन जाड तारांवर बॅटरीएवढे व्होल्ट क्षणभर दिसले पाहिजेत. व्होल्ट येतात आणि मोटर गप्प, तर मोटर. व्होल्टच नाहीत, तर डायल, मॉड्यूल किंवा अर्थिंग.

आवाज येतो पण दिवा लुकलुकतच राहतो: मोटर फिरली पण कॉलर बसली नाही, किंवा मोटरची जागा सांगणारा सेन्सर खराब. आधी स्टिअरिंग सरळ ठेवून दहा-वीस मीटर चालवा. तरी लुकलुकत असेल तर स्कॅनर. उगाच डायल पंचवीस वेळा इकडेतिकडे करू नका, मोटरचे प्लास्टिक गिअर त्यानेच जातात.

साधा मीटर लॅमिंग्टन रोडवर स्वस्तात मिळतो. प्रत्येकाच्या डिकीत असावा.

घाटवाट

उत्तम माहिती. आता ४एल? चाक अडकतंय म्हणजे ड्राइव्ह आहे हे कळलं, पण लो खरंच लो आहे का?

जोडशाफ्ट

ते चालवून बघायचं. गाडी पूर्ण थांबवून, क्लच दाबून (ऑटोमॅटिकला एन) ४एल टाका. मातीच्या सरळ पट्ट्यावर पहिल्या गिअरला २००० आरपीएम धरा आणि वेग बघा. तेच ४एच मध्ये करा. जिम्नी मॅन्युअलला ४एच मध्ये ताशी १४ किलोमीटरच्या आसपास दिसेल, ४एल मध्ये सात, कारण तिचा लो रेशो दोनाचा आहे. बाकीच्या बऱ्याच गाड्यांत तो अडीचच्या जवळ असतो, तिथे वेग आणखी पडेल. दोन्हीकडे वेग सारखाच, म्हणजे लो बसलेलं नाही.

यातच दुसरी गोष्ट बघा. ४एल मध्ये थोडा वेग घेऊन ॲक्सिलरेटर एकदम सोडा, पुन्हा दाबा, असं चार-पाच वेळा. लिव्हर उडून एन वर येत असेल तर फोर्क झिजलाय, किंवा आतली गोळी-स्प्रिंग कमजोर झालीय, किंवा अगदी साधं कारण म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचं माउंटिंग बसलंय आणि लिव्हर कन्सोलच्या कडेला टेकतोय. आधी ते शेवटचं बघा, फुकटात होतं.

कुर्लेकर_सी

मैदानी चाचणीचं राहिलं. ओल्या मातीत किंवा खडीवर ४एच मध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून चालण्याच्या वेगाने गोल फिरवा. गाडी आखडल्यासारखी वाटली पाहिजे, स्टिअरिंग सरळ व्हायला बघेल, पुढची चाकं माती खरवडतील. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या वर्तुळावर चालतात, पण ४एच मध्ये दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने बांधलेले, म्हणून ती ओढाताण. २एच सारखीच मऊ वळली तर संशय घ्या.

हे कोरड्या डांबरावर किंवा सोसायटीच्या काँक्रीटवर करू नका. तिथे टायर घसरत नाही, सगळा ताण ट्रान्सफर केसच्या चेनवर आणि क्रॉसवर जातो. चौपाटीवरही नको. गाडी उतरवायला मनाई आहे, शिवाय खारं पाणी हबमध्ये शिरलं की वरच्या सगळ्या प्रतिसादांची गरज पडेल. कर्जत-मुरबाडकडे ओळखीच्यांचं शेत बघा.

वळताना कट-कट-कट आवाज आला तर सीव्ही जॉइंट (पुढच्या चाकाजवळचा शाफ्टचा सांधा). सरळ जाताना वेगाबरोबर वाढणारी थरथर, तर प्रॉपेलरचा क्रॉस.

राजे_डोंबिवली

गोल फिरवून झाल्यावर लिव्हर २एच ला परत येतच नाही असं झालं तर? जोर लावायचा?

कुर्लेकर_सी

नको. तो बिघाड नाही, शाफ्टमध्ये पीळ बसलाय आणि दात एकमेकांना दाबून धरतायत. सरळ रेषेत चार-पाच मीटर रिव्हर्स घ्या, क्लच दाबून लिव्हरला हलका हात लावा, लोण्यासारखा येईल. अशा पिळलेल्या अवस्थेत चाक जॅकवर घेऊ नका. पीळ एकदम सुटला तर चाक हिसका मारून फिरतं, बोटं असतील तिथे.

परळकर

तेलाबद्दल कोणी बोललं नाही. मुंबईत हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, असं माझं ठाम मत. हिंदमाता, मिलन सबवे, अंधेरी सबवे, कुठेही अ‍ॅक्सलपर्यंत पाणी आलं असेल तर तपासा. गरम डिफरन्शियल थंड पाण्यात बुडालं की आतली हवा आकसते आणि बाहेरून हवा ओढते. ती ब्रीदरच्या (हवा ये-जा करण्याच्या) नळीतून यायला हवी. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल तर सीलच्या कडेने पाणी ओढलं जातं.

गाडी सपाट जागी, तेल थंड. आधी वरचा भरायचा प्लग सैल करा, मग खालचा. खालचा आधी काढून तेल ओतलंत आणि वरचा गंजून बसलेला निघाला, तर गाडी जागेवरच. वरच्या भोकात करंगळी घाला, तेल कडेपर्यंत लागलं पाहिजे. रंग दुधाच्या चहासारखा असेल तर पाणी गेलंय, बदला. चुंबकाच्या प्लगवर मऊ राखाडी लेप चालतो, नखाएवढे तुकडे नाही चालत.

ट्रान्सफर केस आणि डिफरन्शियल यांचं तेल एकच असतं असं समजू नका. काही ट्रान्सफर केसमध्ये गिअर ऑइल, काहींत एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल). मॅन्युअल उघडा. तांब्याचा वॉशर नवा घाला.

वसईचा_डस्टर

आणि आम्ही डस्टरवाले? कंपासवाले?

जोडशाफ्ट

वसईकर, तुमच्याकडे पुढची चाकं कायमच इंजिनला जोडलेली, मागे इलेक्ट्रॉनिक कपलिंग. इग्निशन बंद केली की कपलिंग सुटतं, त्यामुळे जॅकची चाचणी तुम्हाला निरुपयोगी आहे. डस्टर लॉकवर टाका, पुढची दोन चाकं सैल खडीवर किंवा चिखलात, अलगद निघा, बाहेर एकाला मागच्या चाकाकडे बघायला उभं करा, पण गाडीच्या बाजूला, मागे नाही. पुढची चाकं घसरायला लागताच मागच्यांनी माती ढकलली पाहिजे. पुढची नुसती खणत बसली तर कपलिंग, त्याचा कनेक्टर, किंवा ते तापून संरक्षणासाठी बंद पडलंय.

ते तापण्याचं नेहमीचं कारण टायर. मोजपट्टीने चारी टायरचा परीघ मोजा. पुढच्या टायरची नक्षी मागच्यापेक्षा ५ मिमी झिजलेली असेल तर परीघ ३१ मिमीने कमी होतो. जिम्नीच्या १९५/८०-१५ टायरचा परीघ २१८ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे सारखेच फेरे फिरले तर दर किलोमीटरला पुढची चाकं मागच्यांपेक्षा जवळपास १४ मीटर कमी अंतर कापतात. पार्ट-टाइम गाडीत हा फरक ४एच मध्ये पीळ म्हणून साठतो, तुमच्यात कपलिंग घासत राहतं.

पहिल्या पिढीची फॉर्च्युनर ४x४ पण वेगळी, ती फुल-टाइम (चारी चाकं कायम जोडलेली) आहे. तिथे सेंटर लॉक (पुढचा-मागचा शाफ्ट एकत्र बांधणारं) टाकून, न्यूट्रल, हँडब्रेक आणि ठोकळे लावून पुढचं चाक अडकतंय का बघा.

घाटवाट

एक शेवटचं. हे सगळं बरोबर निघालं, तर वर्षभर तसंच ठेवायला काय करायचं?

मीनाक्षी_वांद्रे

वापरा. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये महिन्यातून किमान १६ किलोमीटर ४एच मध्ये चालवायला सांगितलंय, पुढच्या भागांना तेल लागावं म्हणून. पावसात ओल्या, सरळ रस्त्यावर करा, वळणाआधी २एच. पावसाळा संपला की कोरड्या रस्त्यावर नको, महिन्यातून एकदा मातीचा रस्ता गाठा. आणि प्रॉपेलरच्या क्रॉसला ग्रीस निपल असेल तर पाण्यातून आल्यावर ग्रीस गन मारा, चारही टोकांतून नवा ग्रीस डोकावेपर्यंत. तीनच टोकांतून आला तर चौथं कोरडं आहे, पुढचा आवाज तिथूनच येणार.

घाटवाट

रविवारी सकाळी जॅक लावतोय. थार, जोडीला ठोकळे आणि खडू. डाव्या-उजव्या दोन्ही चाकांचा निकाल इथेच टाकतो.